दूरच्या तळ्यावर पाईक गरवायला कोणता रॉड न्यावा

पाईक हा गोड्या पाण्यातला मोठा, धारदार दातांचा शिकारी मासा. तो जिथे मिळतो त्या कॅनडात सस्कॅचवान आणि मॅनिटोबा प्रांतांच्या उत्तरेकडे कित्येक तळ्यांपर्यंत रस्ताच जात नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान तुम्हाला सोडून जातं आणि चार-सहा दिवसांनी न्यायला येतं. मध्ये रॉड मोडला तर जवळपास दुकान नाही. म्हणून रॉड केवढा मासा ओढेल, याच्या आधी तो तिथवर धड पोचेल का आणि मोडला तर तिथेच सांधता येईल का, हे बघायचं.

लांबी ७ ते साडेसात फूट, ताकद मीडियम-हेवी. पण 'हेवी' हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने छापते. मुठीच्या वरचा आमिषाच्या वजनाचा आकडा वाचा. तो साधारण १५ ते ५५ ग्रॅम असावा, म्हणजे पाईकसाठी नेहमी लागणारा २८ ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) त्यात आरामात बसतो. कोकणात खडकावरून गरवायचा १० फुटी रॉड इथे नको. छोट्या बोटीत मासा जाळीपर्यंत आणताना तो अडचणच करतो.

ॲक्शन, म्हणजे रॉड टोकाकडून किती भागात वाकतो ते, फास्ट घ्या. एक्स्ट्रा-फास्ट नको, त्यात फक्त टोकच वाकतं. इथे वापरायची विणलेली दोरी तंगुसासारखी ताणत नाही. पाईक बोटीशी आला की शेवटची जोरदार मुसंडी मारतो आणि ताठ रॉड तो धक्का पचवत नाही. मॅनिटोबात बिनकाट्याचेच (टोकाला उलटा दात नसलेले) गळ वापरायचा नियम आहे, त्यामुळे दोरी क्षणभर सैल पडली तरी मासा सुटतो. रॉडचा बाक कायम राहिला पाहिजे.

आता तुकडे. बऱ्याच विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंमी धरतात. एकसंध ७ फुटी रॉड २१३ सेंमीचा, तो बसणारच नाही. दोन तुकड्यांचा साधारण ११० सेंमीत मावतो, चार तुकड्यांचा ६० सेंमीच्या आत. आम्ही तीन-चार तुकड्यांचाच सुचवू. चांगल्या बनावटीचा असेल तर तो कमजोर नसतो, मोडतो तो सांधा सैल पडल्यामुळे. जोडताना कड्या (दोरी ज्यांतून जाते त्या) पाव वळसा तिरप्या ठेवून तुकडा आत सरकवा आणि पिळत रेषेत आणा. सांध्याला आधी मेणबत्ती घासा. दिवसभर आमिष टाकताना अधूनमधून सांधे चाचपत राहा. सैल सांध्यावर जोराने टाकलं की बाहेरची नळी उभी चिरते.

दुकानातून निघण्याआधी कापसाची इअरबड प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. धागा अडकला तर आतल्या सिरॅमिकला तडा आहे. तो तडा दोरी कापेल आणि दोष गाठीला लागेल.

रॉड दोन न्या. दुसरा कार्बन आणि फायबरग्लासच्या मिश्रणाचा असला तर उत्तम: थोडा जड, पण आपटणं सोसतो. त्यावर ४००० मापाचं स्पिनिंग रीळ लावा. दोन्हींवर ४० ते ५० पौंडी विणलेली दोरी आणि पुढे ३० सेंमी टायटॅनियमची तार, कारण पाईकचे दात नुसती दोरी सहज कापतात. दोन्ही रॉड एकत्र बांधून पीव्हीसी पाइपात घाला आणि दोन्ही टोकांना फोम कोंबा. पाइपात खडखड ऐकू आली तर अजून फोम हवा.

सोबत टोकाच्या दोन-तीन सुट्या कड्या, हॉट-ग्लूची कांडी, लायटर, बारीक कानस आणि चिकटपट्टी असू द्या. टोक मोडलं तर चिरफळलेला भाग कानशीने सपाट करा. लायटरने कांडी वितळवून तो गोंद टोकाला लावा (ज्योत रॉडला लागू देऊ नका, कार्बनमधला राळ जळतो). लगेच कडी बसवा आणि गोंद मऊ आहे तोवर खालच्या कड्यांच्या रेषेत वळवा. दोन-चार इंच गेले तरी रॉड चालतो. म्हणून सुट्या कड्या एकाच मापाच्या नकोत: जिथे मोडेल तिथली जाडी जास्त असते.

टोकं मोडतात ती बहुधा हाताळण्यातून. मासा बोटीला लागला की रॉड उभा धरायची सवय घातक, कारण सगळा भार वरच्या फूटभर भागावर येतो. रॉड आडवा ठेवा आणि मोठ्या जाळीने मासा घ्या. तारेचा स्विव्हल (दोरी आणि तार जोडणारी फिरती कडी) रॉडच्या टोकाच्या कडीत ओढू नका, आतलं सिरॅमिक निखळतं. एका जागेहून दुसरीकडे बोट पळवताना स्पून लोंबकळत ठेवू नका. तो कार्बनवर आपटून बारीक खोचा पाडतो आणि रॉड त्या वेळी मोडत नाही, पुढच्या मोठ्या माशाला तिथेच मोडतो.