रिसिव्हर आणलाय? मग आधी कूलर बंद करा

मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या अमळनेरच्या घरी ५.१ चा होम थिएटर सेट आला, रिसिव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारं मशीन) वेगळा, पाच स्पीकर वेगळे आणि एक सबवूफर, म्हणजे नुसत्या बासचा मोठा डबा. बहिणी माहेरी आलेल्या, हॉल भरलेला, मी मोठ्या ऐटीत पिक्चर लावला आणि दहाव्या मिनिटाला आजी म्हणाली, "तो काय बोलस ते समजत नही." खरंच होतं ते. मारामारी आली की शोकेसच्या काचा थरथरायच्या आणि माणसं बोलायला लागली की सगळ्यांचे कान पुढे. आवाज वाढवावा तर पुढच्या सीनला गाडी उडते आणि समोरचे काका ओट्यावर येऊन उभे.

नंतर महिनाभर खटपट करून ते नीट केलं, मग पारोळ्याच्या चुलतभावाकडे केलं, मग धुळ्याच्या मित्राकडे, आणि तिन्ही घरात चुका त्याच. मशीन कुठंच खराब नव्हतं. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे रिसिव्हर ठेवायची जागा. आपल्याकडे हॉलमध्ये भिंतीत कडप्प्याचं शोकेस असतंच, त्याला काचेची दारं, आणि रिसिव्हर नेमका त्या कप्प्यात कोंबला जातो, वरून सेट टॉप बॉक्स. अरे भाऊ, ते मशीन नुसतं चालू असलं तरी गरम होतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर पारा असतो. वर निदान चार-सहा इंच मोकळी जागा पाहिजे, मागं हवा जायला फट पाहिजे, वर काही ठेवायचं नाही, क्रोशाचा रुमाल पण नाही (आमच्याकडे होता). काचेचं दार काढूनच टाका. आणि लाईटीचं तर माहितीच आहे, जाते तेव्हा काही होत नाही, येते तेव्हा झटका देते. चांगला स्टॅबिलायझर लावा, नाहीतर निदान लाईट गेली की प्लग काढायची सवय लावा. घरातल्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर शक्यतो चालवू नका, घरघर येते.

आता वायर. स्पीकरला वायर घेताना दुकानदार ती दोऱ्यासारखी बारीक वायर देतो, ती नको. दीड स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची घ्या, वायरमनला 'दीड स्क्वेअर' म्हटलं की कळतं. हजारो रुपयांची ती चकचकीत स्पीकर केबल घरच्या दहा-बारा मीटरला काही जादू करत नाही. केसिंग पट्टीतून न्या, उंदरांपासूनही वाचते, फक्त लाईटीच्या वायरीसोबत एकाच पट्टीत घालू नका.

जोडायचं कसं, तर रिसिव्हरचा प्लग काढलेला पाहिजे. टोकाचं अर्धा इंच आवरण काढायचं, तारा बोटांनी घट्ट पिळायच्या, लाल लालला, काळी काळीला. माझा घोळ इथंच झाला होता. सगळं जोडलं, चालू केलं, आवाज थोडा वाढवला की टक् आवाज आणि मशीन बंद, समोर लाल लाईट लुकलुकतेय. ज्या दुकानातून घेतलं तिथल्या पोरानं फोनवरच सांगून टाकलं की बोर्ड गेला असेल, घेऊन या. मी टॉर्च मारून मागं बघितलं तर सेंटरच्या (बोलणं ज्यातून येतं त्या मधल्या स्पीकरच्या) लाल वायरीतली केसाएवढी एक तार बाहेर आलेली आणि शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकलेली. शॉर्ट. रिसिव्हरनं स्वतःला वाचवायला बंद केलं होतं, बस एवढंच. तार परत पिळून घातली आणि चालू झालं. म्हणून बनाना प्लग लावा असं मी सांगतो, आता केळीच्या जिल्ह्यात राहून बनाना प्लग माहीत नसावा म्हणजे काय! त्याचा आकार मध्ये फुगीर असतो म्हणून ते नाव. तार त्याच्या आत स्क्रूनं कसली जाते, बाहेर काही लोंबत नाही.

लाल-काळीची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, पण एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि मग बास गायब होतो, आवाज कुठून येतोय तेच समजत नाही. पारोळ्याला हेच झालेलं, डाव्या स्पीकरची उलटी होती, आणि भाऊ तीन महिने म्हणत होता की सबवूफर फालतू आहे.

स्पीकर कुठं ठेवायचे? पुढचे दोन आणि तुमची बसायची जागा असा साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे, म्हणजे सोफा नऊ फुटांवर तर दोघांत पण आठ-नऊ फूट. सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर, आणि त्याचं तोंड तुमच्या कानाकडे, खालच्या कप्प्यात असेल तर पुढून लाकडाची चिपाट घालून वर उचला. आमचा सेंटर तर कप्प्यात अर्धा फूट आत होता, म्हणजे माणूस दाराआडून बोलल्यासारखं. पुढच्या काठाला आणला आणि आजीची निम्मी तक्रार तिथंच मिटली. मागचे दोन म्हणजे सराऊंड, ते पाठीमागच्या कोपऱ्यात छताला टांगायची फॅशन आहे ती सोडा, ते कानाच्या बाजूला आणि किंचित मागं पाहिजेत, समोरून मोजलं तर १०० ते १२० अंशांवर, कानापेक्षा एखाद-दोन फूट वर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आपल्या सगळ्यांचा, तर तो जमलं तर एक फूट पुढं ओढा. भिंतीला टेकून बसलं की बास नुसता घुमतो.

सबवूफरचं एक गमतीशीर आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून तो कुठंही ठेवता येतो, पण 'कुठंही' ठेवला की सारखा वाजत नाही. मग उलटं करायचं, सबवूफरच उचलून सोफ्यावर तुमच्या जागेवर ठेवायचा, बास असलेलं गाणं लावायचं आणि आपण हॉलभर रांगत फिरायचं, भिंतीच्या कडेकडेनं. जिथं बास भरीव पण घुमत नाही असं ऐकू येईल तिथं सबवूफर ठेवायचा. मी रांगत होतो तेव्हा दूधवाला आला होता, असो.

टीव्हीची जोडणी ही सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय असतात पण त्यातल्या एकावरच एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेलं असतं, केबल त्यातच. आणि दुसरं टोक रिसिव्हरच्या एचडीएमआय आऊटमध्ये, जिथं एआरसी लिहिलंय तिथं. सगळे जण 'टीव्हीचा आवाज रिसिव्हरमध्ये जातोय ना, मग इन' असं म्हणून इनमध्ये घालतात आणि मग धुळ्याहून रात्री अकराला फोन येतो. तीच केबल रिसिव्हरकडून टीव्हीला चित्र नेते आणि टीव्हीचा आवाज उलटा परत आणते, म्हणून ते एआरसी, म्हणजे 'ऑडिओ रिटर्न चॅनल'.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी. एक, सीईसी (टीव्ही आणि रिसिव्हरनं एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू करा, पण त्याला सीईसी असं नाव नसतं, सॅमसंगला एनीनेट प्लस, एलजीला सिमलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. दोन, साऊंडमध्ये डिजिटल आऊटपुट पीसीएमवर (टीव्हीनं आवाज स्वतःच उलगडून पाठवायचा प्रकार) असेल तर ऑटो किंवा पास थ्रू (आवाज आहे तसा पुढे पाठवणं) करा. पीसीएमवर ठेवलं की बरेच टीव्ही दोनच चॅनल सोडतात, आणि तुम्ही पाच स्पीकर घेऊन स्टिरिओ ऐकत बसता. रिसिव्हरच्या डिस्प्लेवर बघा, पिक्चर सुरू झाल्यावर डॉल्बी डिजिटल प्लस वगैरे काही आलं तर बरोबर, पीसीएम २.० आलं तर अजून टीव्हीतच गडबड आहे. टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल, तिच्यात साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, काम भागतं. ब्लू-रे डिस्कचा प्लेअर असेल तर तो थेट रिसिव्हरच्या इनमध्ये लावा.

आता मुख्य काम. रिसिव्हरच्या डब्यात एक छोटा काळा माईक येतो आणि तो नव्वद टक्के लोकांच्या घरी पिशवीतून निघतच नाही. (हे माझं आपलं निरीक्षण, कुणी मोजलेलं नाही.) डेनॉन-मरांट्झला त्या प्रकाराला ऑडिसी म्हणतात, यामाहाला वायपाओ, नाव काहीही असो, मशीन एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं आणि माईकनं ऐकून कोण किती लांब, कोण किती जोरात ते स्वतः ठरवतं. पण त्याला शांतता लागते. आणि आपल्या घरात शांतता म्हणजे! कूलर बंद, पंखा बंद, फ्रीज पण पंधरा मिनिटं बंद. मी पहिल्यांदा दुपारी केलं, कूलर चालू ठेवूनच, कारण ४४ डिग्रीत कोण बंद करणार, तर मशीननं सरळ आवाज जास्त आहे म्हणून एरर दिली. दुसऱ्यांदा सकाळी सातला बसलो तर नळ आले आणि गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू. शेवटी पहाटे साडेचारला उठून केलं.

माईक सोफ्यावर ठेवायचा नाही, हातात धरायचा नाही. मी आधी सोफ्यावर बिबड्यांचा डबा ठेवून त्यावर ठेवला होता, स्टीलचा डबा, आवाज त्याच्यावर आपटून परत येणार, चूकच. फोटोवाल्या मित्राचा ट्रायपॉड आणा, माईक बसल्यावर कान येतो त्या उंचीला लावा, पहिलं माप बरोबर तुमच्या जागेवर, पुढची आजूबाजूला एक-दोन फुटांवर, जेवढी मशीन मागेल तेवढी. आपण खोलीबाहेर नाहीतर मागं गप्प उभं राहायचं.

झाल्यावर मेनू उघडून बघा, मशीनचं सगळंच ऐकायचं नसतं. पुढचे स्पीकर 'लार्ज' करून ठेवले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झ. स्मॉल म्हणजे स्पीकर भंगार असा अर्थ नाही, खालचा बास सबवूफरकडे पाठव एवढाच अर्थ. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र पूर्ण वर, नाहीतर दोन्हीकडून कापलं जातं. सबवूफर दहा फुटांवर असून मशीन पंधरा फूट दाखवेल, ते बदलू नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळं आवाज थोडा उशिरा निघतो तो उशीर ते फुटात धरतं.

बोलणं अजून दबत असेल तर सेंटरची लेव्हल दोन-तीन डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढवा. रात्रीसाठी नाईट मोड किंवा डायनॅमिक रेंज कमी करायचं सेटिंग असतं, त्यानं गाडी उडाल्याचा आवाज खाली येतो आणि कुजबुज वर येते, लहान पोरं झोपलेली असली की हेच लावायचं. केबलवरच्या सिरियली स्टिरिओ असतात, त्यांना डॉल्बी सराऊंड मोड लावला की बोलणं सेंटरवर येतं.

बाकी वॅटच्या मागं लागू नका. ५० चे १०० वॅट केले तरी आवाज फक्त ३ डीबी वाढतो, आणि पीएमपीओ म्हणून जो हजारांचा आकडा छापतात त्याला धड कुठलं माप नाही. डिस्प्लेवर आवाज उणे २५ वगैरे दिसला तर घाबरू नका, शून्य म्हणजे थिएटरची लेव्हल, घरात उणे २५ च्या आसपास पुष्कळ होतं. ॲटमॉसचं (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) विचारतात लोक, पण ते वरचे स्पीकर मागतं, आधी हे पाच नीट बसू द्या. सबवूफरमधून सतत हूं असा आवाज येत असेल तर सेट टॉप बॉक्सची जाड केबल काढून बघा, हूं बंद झालं तर घोळ तिच्यातून येणाऱ्या अर्थिंगचा आहे. आणि हॉल घुमत असेल, फरशी, कडप्पा, उघड्या भिंती, तर खाली जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा. पाच हजाराचं सामान बदलून जो फरक पडत नाही तो आमच्याकडे दोन गोधड्या दिवाणावर पसरून पडला.

त्या पहाटेनंतर रविवारी परत सगळे बसलो. आजीला मधल्या जागेवर बसवलं, पिक्चर लावला, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मागं वळून भिंतीकडे बघत म्हणाली, "आते समजस. पन मांगे कोन बोली ऱ्हायना?"

सराऊंड दीड डीबी कमी केले.