रेस्टॉरंटला इजिप्तच्या राणीचे नाव देताना

पर्यटनाच्या हंगामाआधी गोव्याच्या किनारपट्टीवर नवे रेस्टॉरंट उघडणाऱ्याला क्लिओपात्रा, नेफर्तिती या राण्यांची किंवा राजा तुतनखामनचे अशी नावे सहज सुचतात. पण ती इतरांनाही तितक्याच सहज सुचलेली असतात. म्हणून रंगाऱ्याला पाटीचे काम देण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ४३ मध्ये, म्हणजे खानपान व निवास सेवांच्या वर्गात, शोध घ्यावा. नाच-गाण्याचे कार्यक्रमही होणार असतील तर वर्ग ४१ पाहावा. उच्चारसाम्याचा पर्याय वापरणे आवश्यक आहे, कारण 'सी'ऐवजी 'के'ने सुरू होणाऱ्या क्लिओपात्राचा मालकही हरकत घेऊ शकतो. पुढे 'हणजूण' जोडल्याने नाव निराळे झाले असे समजू नये. गावाच्या नावाला या कामी फारसे वजन नसते. गोव्यातील अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात, ते ऑनलाइन भरता येतात, आणि ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर विरोध नोंदवण्यास चार महिन्यांची मुदत असते.

नाव मोकळे असले तरी सजावट त्याला शोभली पाहिजे. इ. स. पू. ३० मध्ये मरण पावलेली सातवी क्लिओपात्रा मूळच्या मॅसेडोनियन-ग्रीक टॉलेमी घराण्यातील होती आणि तिच्या काळी खुफूचा पिरॅमिड सुमारे अडीच हजार वर्षे जुना झाला होता. तिच्या नावाखाली पिरॅमिड रंगवण्यापेक्षा तिची राजधानी अलेक्झांड्रिया, तिथले बंदर आणि प्रसिद्ध दीपगृह रंगवावे. जुने दीपगृह असलेल्या आग्वाद किल्ल्याच्या आसपासच्या जागेला तर ते फारच साजेल. तुतनखामनचा सोन्याचा मुखवटा ममीच्या चेहऱ्यावर ठेवलेला होता, तेव्हा तो जेवणाऱ्यांच्या डोक्यावर टांगावा का, हे मालकाने स्वतःच ठरवावे.

मासळीच्या रेस्टॉरंटसाठी माझी पसंती हत्शेप्सुतला आहे. इ. स. पू. पंधराव्या शतकात फॅरो (इजिप्तचा राजा) म्हणून राज्य करणाऱ्या या राणीने तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडील पुंत देशाकडे जहाजे धाडली होती, आणि देर अल-बहारी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर ती सफर कोरलेली आहे. मुळांसकट टोपल्यांत घालून आणलेली धुपाची झाडे त्यात दिसतातच, शिवाय जहाजांखालच्या पाण्यात तांबड्या समुद्रातील मासे, माणक्या (स्क्विड) आणि शेवंडे (लॉब्स्टर) बारकाईने कोरली आहेत. मेनूकार्डाच्या कडेला याहून योग्य चित्र कोणते मिळणार? अडचण एकच, उच्चाराची. म्हापशाच्या स्टँडवरील एखाद्या पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, हे नाव एकदा ऐकवावे. त्याला ते परत म्हणता आले नाही, तर नेफर्तिती घ्यावे.

मेनूत 'फॅरोची मेजवानी' असा मथळा देऊन त्याखाली बटाटा, टोमॅटो आणि मिरचीचे पदार्थ लिहू नयेत. ही तिन्ही पिके अमेरिका खंडातील असल्याने प्राचीन इजिप्तला ती ठाऊकच नव्हती. भाकरी, बिअर, कांदा, लसूण, मासे, बदक, अंजीर आणि खजूर एवढ्यावर राजेशाही थाळी उत्तम जमते. तांदूळ, मसूर आणि मॅकरोनीची कोशरी इजिप्तचीच असली तरी अर्वाचीन आहे, म्हणून ती वेगळ्या सदरात द्यावी. इसवणाचे (सुरमईचे) हुमण, म्हणजे गोव्याची माशाची आमटी, मात्र हुमण म्हणूनच विकावे.

पाटीवर चित्रलिपी हवी असल्यास नाव कार्टूश या लांबट चौकटीत लिहून घ्यावे. क्लिओपात्राच्या नावात 'ल'साठी बसलेला सिंह असतो. प्राणी-पक्ष्यांची तोंडे ज्या बाजूला, तिथून वाचन सुरू होते. त्यामुळे रंगाऱ्याने शोभेसाठी एकटा सिंह फिरवला तर ओळ बिघडते. रोमन लिपीतील स्पेलिंग एकदाच ठरवून पंचायत, अन्न सुरक्षा, अबकारी आणि जीएसटी या सर्व कागदांवर तेच द्यावे, कारण एका अक्षराच्या फरकापायीही पुढे दुरुस्तीचे अर्ज करत बसावे लागते.