फ्रॉगमाउथचं घरटं बघताय? या चुका टाळा

“तो हलतच नाही हो, म्हणजे आपल्याला घाबरत नाही.” दर मोसमात कोणीतरी नवखा मला हे ऐकवतोच. सगळ्यात मोठी चूक हीच. सह्याद्रीच्या ओल्या, दाट जंगलातला जेमतेम 23 सेंटिमीटरचा फ्रॉगमाउथ हा निशाचर पक्षी धोका जाणवला की चोच हळूहळू वर करतो, डोळे बारीक करतो आणि मोडक्या फांदीसारखा ताठ होतो. ज्याला आपण ‘पोज’ म्हणतो, ती त्याची भीती असते.

काही वर्षांपूर्वी तिळारीच्या बाजूला, फेब्रुवारीत, मी चौघांना एका घरट्यापाशी नेलं. एकाच्या फोटोत पान आड येत होतं. मी नको म्हणेपर्यंत त्याने डहाळी मोडलीसुद्धा. पक्ष्याची चोच वर, अंग ताठ, मंडळी खूश. फोटो काढणारा आणखी दोन पावलं पुढे सरकला आणि पक्षी भर्रकन उडाला. याचं घरटं म्हणजे शेवाळाची इवलीशी गादी. आतून मऊ पिसं, बाहेरून दगडफूल नि सालीचे तुकडे. त्यावर एकच पांढरं अंडं. ते धक्क्याने घरंगळलं आणि खाली फुटलं. दुसरं अंडं नव्हतंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, आणि त्या सकाळी ते मला मनापासून पटलं.

तेव्हापासून घरट्यावर मी कोणालाही नेत नाही. एकटा जातो, पंधरा-वीस पावलांवर बसतो, दुर्बिणीतून पाच मिनिटं बघतो, वेळ वहीत टिपतो आणि उठतो. चोच वर जाताना दिसली की तेवढाही थांबत नाही. ज्याला एवढा धीर नाही, त्याने जानेवारी ते एप्रिल या विणीच्या काळात फ्रॉगमाउथच्या मागे लागूच नये.

दुसरी चूक नोंदींमधली. दिवसा घरट्यावर बसलेला पक्षी दिसला की लोक बेधडक लिहितात, ‘मादी अंडं उबवताना’. रंग तरी बघा! मादी तांबूस, नर करडा-तपकिरी आणि जास्त ठिपक्यांचा. दिवसा बहुधा नरच उबवतो, मादीची पाळी रात्री. अंडं उबवायचं काम आईचंच, हे डोक्यात धरून लिहिलेली नोंद न लिहिलेली बरी.

जोडी फांदीवर खेटून बसलीय म्हणजे घरटं नव्हे. ती दिवसाची झोप आहे.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं विणीच्या काळात पूर्ण बंद.

घरट्याची जागा व्हॉट्सअपवर टाकू नका, ‘फक्त आपल्या ग्रुपवर’सुद्धा.

आणि घरटं नाहीसं झालं म्हणून लगेच साप-माकडांना दोष देऊ नका. पिल्लू उडून गेल्यावर नर स्वतःच घरटं मोडून टाकताना पाहिला गेला आहे. आधी आजूबाजूच्या फांद्या नीट शोधा. पिल्लू बापाला चिकटून बसलेलं असू शकतं.