मीटरला न दिसणारा गाळ: पाण्यातील विरघळलेले आणि तरंगते घन पदार्थ कसे मोजावेत

पावसाळ्यात गोव्यातल्या साखळीला वाळवंटी नदीचे पाणी तांबडे होऊन वाहू लागले की त्यात खिशातला टीडीएस (विरघळलेले एकूण घन पदार्थ) मीटर बुडवून पाहावा. लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा बहुधा शंभराच्या आत येतो, आणि तेवढ्यावरून पाण्याला चांगले म्हणणारा फसतो. उलट मे महिन्यात खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताच्या, कडेच्या विहिरीचे नितळ पाणी त्याच मीटरवर पंधराशेचा आकडा दाखवू शकते. मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. विरघळलेल्या क्षारांमुळे ती वाढते. तांबडी माती आणि खाणींच्या ढिगाऱ्यांवरून धुऊन आलेली भुकटी पाण्यात कितीही असली तरी वाहकतेत जवळपास काहीच भर घालत नाही. म्हणून विरघळलेले आणि तरंगते घन पदार्थ वेगवेगळे मोजावे लागतात.

नमुना घेताना एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे आणि पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर ती भरावी. पायांनी ढवळलेला तळचा गाळ बाटलीत गेला तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. मांडवी, जुवारी या नद्यांचे किंवा कुंभारजुवे कालव्याचे पाणी घेत असाल तर भरती होती की ओहोटी हे वेळेसह लिहून ठेवावे, कारण एकाच धक्क्यावर सहा तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत क्षारांचे प्रमाण कित्येक पटींनी बदललेले असू शकते. नमुना बर्फात ठेवून आणावा आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत तपासावा.

तरंगत्या पदार्थांसाठी काचतंतूंचा 47 मिलिमीटर व्यासाचा गाळणकागद लागतो. साधा गाळणकागद ओलावा धरतो, म्हणून तो या कामाचा नाही. कागद आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा, 103 ते 105 अंश सेल्सिअसला तासभर वाळवावा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारी सिलिका ठेवलेल्या बंद भांड्यात, थंड करावा आणि दशांश मिलिग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या तराजूवर तोलावा. त्यानंतर बाटली जोराने हलवून, गाळ खाली बसण्याआधीच, 250 मिलिलिटर पाणी मोजून घ्यावे आणि निर्वात पंपाच्या साहाय्याने गाळावे. गढूळ पाण्याने कागद लवकर तुंबतो. तसे झाल्यास 100 मिलिलिटरच घ्यावे, मात्र प्रत्यक्ष घेतलेले आकारमान हिशेबात धरायला विसरू नये. कागद चिमट्याने उचलून पुन्हा वाळवावा व तोलावा, आणि सलग दोन वजनांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक येईपर्यंत हे करत राहावे. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत डेसिकेटरमधली निळी सिलिका काही दिवसांतच गुलाबी पडते. ती ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी केल्याखेरीज कोणतेही वजन खरे मानू नये.

खाऱ्या पाण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. मांडवीकाठच्या बेतीजवळ उन्हाळ्यात घेतलेल्या नितळ नमुन्यात गाळाचे प्रमाण अवास्तव जास्त आले आणि दोन दिवस मी तराजूला दोष देत बसलो. दोष कागदात अडकलेल्या मिठाचा होता. लिटरमध्ये 20,000 मिलिग्रॅम क्षार असलेले अर्धा मिलिलिटर पाणी कागदात राहिले, तर वाळल्यावर त्याचे 10 मिलिग्रॅम मीठ होते, आणि 250 मिलिलिटरच्या नमुन्यात ते लिटरमागे 40 मिलिग्रॅम गाळ म्हणून मोजले जाते! म्हणून गाळण संपल्यावर दर वेळी 10 मिलिलिटर याप्रमाणे किमान तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने कागद धुवावा, आणि कागदाची पंपाच्या तोंडाखाली न आलेली कडही त्यात भिजली आहे याची खात्री करावी.

विरघळलेल्या पदार्थांसाठी गाळून खाली आलेले पाणी वापरतात. त्यातले 100 मिलिलिटर आधी तोललेल्या चिनीमातीच्या थाळीत, उकळी फुटून शिंतोडे उडणार नाहीत अशा बेताने आटवावे; मग थाळी 180 अंशांना तासभर वाळवून, थंड करून तोलावी. पाणी खारे असेल तर कमी घ्यावे, कारण 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार उरले की त्यांची खपली धरते आणि तिच्याखाली पाणी अडकून राहते.

हिशेब सोपा आहे. समजा, गाळणकागद 0.0912 ग्रॅमवरून 0.1287 ग्रॅम झाला. 250 मिलिलिटरमध्ये 37.5 मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे 150 मिलिग्रॅम गाळ. थाळीचे वजन 52.4310 वरून 52.4372 ग्रॅम झाले, तर 100 मिलिलिटरमध्ये 6.2, म्हणजे लिटरमागे 62 मिलिग्रॅम क्षार. मीटरने यातले फक्त 62 च्या आसपासचेच सांगितले असते.

मीटर मात्र टाकून देऊ नये. सेंटिमीटरला 1413 मायक्रोसीमेन्स वाहकता असलेल्या प्रमाणित द्रावणात तो तपासून घेतला, तर उन्हाळ्यात विहिरीत खारे पाणी शिरते आहे का, हे दर आठवड्याला पाहायला त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. वाहकतेला ज्या गुणकाने गुणून तो आकडा देतो तो क्षारांच्या प्रकारानुसार साधारण 0.5 ते 0.7 असतो, त्यामुळे त्याचे उत्तर अंदाजच मानावे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500:2012 नुसार, विरघळलेल्या पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालते. जांभ्या दगडातल्या विहिरी बहुधा त्याच्या पुष्कळ खाली असतात. पण शेजारच्या शौचखड्ड्यातून येणारे जिवाणू या दोन्ही मापांत दिसत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

शेवटी पडताळा म्हणून न गाळलेले 100 मिलिलिटर पाणी दुसऱ्या थाळीत आटवून 103 ते 105 अंशांना वाळवावे. त्याचे उत्तर आधीच्या दोन आकड्यांच्या बेरजेच्या जवळ आले पाहिजे. 180 अंशांना क्षारांतले बांधलेले पाणीही निघून जाते, म्हणून थोडा फरक राहणारच. तो मोठा असेल तर बहुतेक वेळा बाटली नीट न हलवताच पाणी ओतलेले असते.