पोस्टग्रेसने एरर दिला की क्लायंट कोडने काय करायचं

सर्वांत आधी, पोस्टग्रेस या डेटाबेसकडून आलेल्या एररचा मजकूर वाचून निर्णय घेणारा कोड काढून टाका. ‘मेसेजमध्ये डुप्लिकेट हा शब्द आहे का’ असली तपासणी अजूनही शिकवली जाते. सर्व्हरवर ‘एलसी_मेसेजेस’ ही मेसेजची भाषा ठरवणारी सेटिंग बदलली की तोच मेसेज जर्मन किंवा फ्रेंचमध्ये येतो आणि तपासणी मुकाट निकामी होते. बघायचा तो एसक्यूएलस्टेट, म्हणजे पाच अक्षरी कोड. नोडच्या पीजी लायब्ररीत तो एररच्या ‘कोड’मध्ये असतो, सायकोपीजी ३ मध्ये ‘एसक्यूएलस्टेट’मध्ये, जावात ‘गेटएसक्यूएलस्टेट’ मागून घ्यायचा.

पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात. २३ म्हणजे डेटाने कन्स्ट्रेंट, म्हणजे टेबलावर घातलेला नियम, मोडला. तोच डेटा पुन्हा पाठवून काही होणार नाही, वापरकर्त्याला नीट शब्दांत सांगा. नेमका कुठला मोडला ते कन्स्ट्रेंटच्या नावावरून कळतं, तेव्हा नावं स्वतः द्या. ४२ आला तर बहुतेक वेळा क्वेरी चुकली आहे किंवा परवानगी नाही: लॉग करा, दुरुस्त करा. ५३३०० म्हणजे कनेक्शनं संपली. थोडं थांबा आणि पूलचा, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याचा, आकार तपासा.

आता रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न. बहुतेक कोड इथेच फसतो.

४०००१ म्हणजे सिरियलायझेशन फेल्युअर, एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनांचा मेळ न बसणं, आणि ४०पी०१ म्हणजे डेडलॉक, दोन ट्रान्झॅक्शनं एकमेकांसाठी अडून बसणं. हे दोन्ही पुन्हा प्रयत्न करण्यासाठीच आहेत, पण अख्खं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पार पडणाऱ्या क्वेऱ्यांचा गट, ‘बिगिन’पासून चालवायचं. फक्त फसलेली ओळ पुन्हा पाठवू नका, कारण आधी वाचलेली शिल्लक आणि तिच्यावर घेतलेला निर्णय, दोन्ही शिळे झालेले असतात. दर प्रयत्नामागे थांबण्याचा वेळ वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर भांडणारे दोघे पुन्हा एकाच क्षणी येऊन धडकतात. प्रयत्नांना मर्यादा हवीच. आणि एसएमएस पाठवणं या लूपच्या आत ठेवू नका, ग्राहकाला तीनतीनदा जातो.

खरी पंचाईत पुढे आहे. ट्रान्झॅक्शन पक्कं करणारं ‘कमिट’ पाठवलं आणि उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटलं. व्यवहार झाला की नाही? क्लायंटला माहीत नाही. यूपीआयवर ‘पेंडिंग’ दिसतं तसंच हे. ‘झालं नसेल’ असं धरून पुन्हा पाठवलं तर ऑर्डर दोनदा पडते, ‘झालं असेल’ म्हटलं तर कधी पडतच नाही. नेटवर्क एरर सरसकट रिट्राय करा असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका.

यावर मला पटलेला उपाय एकच. क्लायंटने व्यवहाराला स्वतः यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळख क्रमांक, द्यायचा, तो ठेवायच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट लावायचा आणि ती नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सगळ्यात आधी टाकायची. मग बिनधास्त पुन्हा पाठवा. त्याच कन्स्ट्रेंटच्या नावाने २३५०५, म्हणजे ‘ही किंमत आधीच आहे’ हा एरर, आला, तर पहिला प्रयत्न यशस्वी झाला होता: इथे एरर म्हणजेच होकार. जुनं ट्रान्झॅक्शन सर्व्हरवर अजून लटकलेलं असेल, तर नवा ‘इन्सर्ट’ त्याचा निकाल लागेपर्यंत थांबतो. मात्र यूयूआयडी रिट्राय लूपच्या बाहेर तयार झाला पाहिजे. आत बनवला तर दर प्रयत्नाला नवा, मग सगळाच खटाटोप वाया. रिव्ह्यूला येणाऱ्या कोडमध्ये मी पहिल्यांदा हेच बघतो.

लॉगमध्ये २५पी०२ची रांग लागली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. ट्रान्झॅक्शन आधीच मोडलंय आणि कोड तरीही क्वेऱ्या पाठवतोय, एवढाच तिचा अर्थ. मूळ कारण तिच्या वरच्या एररमध्ये सापडतं. बहुधा कुणीतरी तो पकडून गिळून टाकलेला असतो. त्यातली सगळ्यात घातक गोष्ट अशी, की अशा मोडलेल्या ट्रान्झॅक्शनवर ‘कमिट’ दिलं तर पोस्टग्रेस एरर देत नाही. तो गुपचूप रोलबॅक करतो, म्हणजे सगळे बदल मागे घेतो, उत्तरातही ‘रोलबॅक’ असंच लिहितो, पण ते उत्तर वाचतो कोण?

हे सगळं प्रॉडक्शनआधी तपासून घ्या. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनाच्या दोन खिडक्यांत, दोन ट्रान्झॅक्शनांमधून टेबलातल्या दोन ओळी उलटसुलट क्रमाने अपडेट केल्या की साधारण सेकंदाभरात डेडलॉक मिळतो, ‘डेडलॉक_टाइमआउट’ मुळात तेवढाच असतो. ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने चालू कनेक्शन तोडता येतं. कमिटचं उत्तर हरवणं तेवढं असं जमत नाही. त्यासाठी टेस्टमध्ये कमिट यशस्वी झाल्यावर खोटा कनेक्शन एरर फेका आणि टेबलात ऑर्डर एकच आहे ना ते मोजा.