मांजरीचं पिल्लू चावतंय? आधी घरातल्यांचे हात आवरा

चिंगी आमच्याकडे आली ती जुलैच्या पावसात. लालबागच्या आमच्या चाळीखाली लावलेल्या स्कूटरच्या आडोशाला बसलेली, ओलीचिंब, तळहाताएवढी. पंधरा दिवसांत अंगानं भरली आणि माझ्या दोन्ही मनगटांवर बोचकाऱ्यांची जाळी उठली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चावरीच निघाली ही, द्या मासळी बाजारात सोडून." मला ते फार लागलं. चिंगी चावरी नव्हती, तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

किती जोरात चावायचं हे पिल्लू आईच्या आणि भावंडांच्या अंगावर शिकतं. दात जास्त रुतले की भावंड किंचाळतं, खेळ टाकून निघून जातं; आई एक पंजा ठेवून देते. ही शाळा दोन-तीन महिने तरी चालावी लागते. आपल्याकडे पार्किंगमधून, जिन्याखालून उचलून आणलेली कितीतरी पिल्लं त्याआधीच आईपासून तुटलेली असतात. त्यात साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे २६ दात पडून पक्के ३० येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावावंसं वाटतं. आईनं अर्धवट सोडलेली शिकवणी आता आपल्याला पुरी करायची आहे.

पहिलं काम: हात-पाय हे खेळणं नव्हे

हा नियम एकट्यानं पाळून उपयोग नाही. मी हात आवरला, पण आमचे बाबा रात्री चादरीखाली अंगठा हलवून चिंगीला खेळवायचे. ती झडप घालायची, बाबा हसायचे. आणि पहाटे साडेपाचला आईचा पाय झोपेत हलला की तिच्या पोटरीत दात! चिंगीच्या लेखी खेळ तोच होता. शेवटी बाबांना समोर बसवून आईची पोटरी दाखवली. त्या दिवसापासून हात फक्त खायला द्यायला आणि कुरवाळायला. पाहुण्यांनाही दारातच सांगायचं, लहान मुलांना तर आवर्जून.

चावलं, त्या क्षणी

हात ओढू नका. पळतं ते भक्ष्य, हे तिच्या रक्तातच आहे. ओढलात तर ती अजून घट्ट धरते आणि कातडी फाटते. हात तिथेच सैल सोडा, जमल्यास अगदी हलकेच तिच्या तोंडाकडे न्या. ती गोंधळते आणि पकड सोडते. मग न बोलता उठा आणि मिनिटभर तिच्या नजरेआड व्हा. एका खोलीच्या घरात जायचं कुठे? मी मोरीत जाऊन दार लावून घ्यायचे. चावलं की खेळ संपतो, एवढंच तिला कळायला हवं, आणि ते दर वेळी, न चुकता घडायला हवं.

नाकावर टिचकी, चापट, तोंडावर पाणी उडवणं, यातलं काहीही करू नका. त्यानं चावणं थांबत नाही. तिला आपल्या हाताची भीती बसते, आणि भ्यालेलं मांजर जास्त जोरात चावतं.

तिला शिकार द्या

माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. दिवसभर बंद खोलीत, ग्रिलच्या आत बसलेल्या पिल्लानं अंगातली शिकार काढायची कुणावर? बांबूच्या काठीला नाडी बांधा, नाडीच्या टोकाला चिंधी. ती चिंधी तिच्या तोंडापुढे नाचवू नका, उंदीर काही तोंडापुढे येऊन नाचत नाही. जमिनीवरून दूर पळवा, कपाटाआड लपवा, जरा थांबवा, पुन्हा सरकवा. चिंगी पोट जमिनीला टेकवून दबा धरते, बुबुळं काळीभोर होतात, मागचा भाग डुलतो आणि मग उडी. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं तिन्हीसांजेला. मांजरं याच दोन वेळांना सर्वांत जागी असतात. शेवटी चिंधी तिला पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा क्रम पुरा झाला की पोटऱ्या वाचतात. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, त्यामुळे ती उलट चिडचिडी होते.

मागच्या पायांनी लाथाडत चावायची हौस असेल, तर जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून, तोंड शिवून द्या.

खेळ झाला की काठी-नाडी कपाटात. केसांचं रबर, गजऱ्याचा दोरा, शिवणाचा दोरा हेही उचला. गिळलेला दोरा आतडी गोळा करतो आणि पिल्लाच्या जिवावर बेततं.

कुरवाळताना चावत असेल तर

ती आधी सांगते, आपलं लक्ष नसतं. शेपटीचं टोक आपटू लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात. तिथेच हात काढून घ्या. पोटाला तर हात लावूच नका. खिडकीबाहेर छज्जावर चाळीतला बोका येऊन बसला असेल आणि ती फुगून गुरगुरत असेल, तर तेव्हाही तिला उचलू नका. बोक्याचा राग तुमच्या हातावर निघेल. पडदा ओढा आणि तिला शांत होऊ द्या.

आजवर न चावणारं पिल्लू एकाएकी, ठरावीक जागी हात लागताच चावू लागलं, तर ते दुखण्याचं लक्षण समजा. कान, दात, मार, काहीही असू शकतं. जवळच्या डॉक्टरांकडे किंवा परळच्या बाई साकरबाई जनावरांच्या हॉस्पिटलात दाखवा. चार-सहा महिन्यांची झाली की नसबंदीचंही तिथेच विचारा.

रक्त आलं तर

मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम बारीक दिसते. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज मांजराकडूनही होतो, आणि त्याची लस पालिकेच्या रुग्णालयांत मिळते. इंजेक्शन लागेल की नाही हे त्यांना ठरवू द्या. हात सुजला, लाल झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची आणि पुढचा डोस डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला. चिंगीचं लसीचं कार्ड आम्ही रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवलंय. कुणाला चावली तर दवाखान्यात आधी त्याचीच चौकशी होते.