पैसे भरले, तरी जप्ती आली

बँकेने माझ्याविरुद्ध न्यायालयातून मिळवलेल्या हुकूमनाम्याची (वसुलीच्या निकालाची) रक्कम तडजोडीने भरून मी निर्धास्त होतो. पण अठराव्या दिवशी बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी आला. शाखेने भरणा न्यायालयाला कळवलाच नव्हता. वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१, नियम २ उघडून दाखवला: न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशांची नोंद झाल्याशिवाय दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालवणारे न्यायालय ते हिशेबात धरत नाही. शिवाय मुदत कायद्यानुसार ऋणकोला या नोंदीच्या अर्जासाठी भरण्यापासून अवघे ३० दिवस मिळतात. तोंडी आश्वासनावर विसंबणे हा माझाच वेडेपणा. आंब्याच्या रिकाम्या पेटीत, हिशेबाच्या वहीत दुमडलेली पावती सापडली; कडा ओलीने काळवंडल्या होत्या, शिक्का मात्र शाबूत होता. ती जोडून चोविसाव्या दिवशी अर्ज दिला. नोटीस निघताच बँकेने भरणा मान्य केला आणि पूर्ण फेडीची नोंद होऊन दरखास्त निकाली निघाली.